‘९५ टक्के’ म्हणजे कितीपैकी?

सप्रेम नमस्कार.

बारावीची परीक्षा दिलेल्या आपल्या मुलीला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला घालावे की तिच्या इच्छेप्रमाणे संख्याशास्त्रात बी.एस्सी. करू द्यावे, असे आपण विचारले आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘९५ टक्के प्लेसमेंट, सरासरी पॅकेज साडेसात लाख’ असे स्वच्छ छापलेले असताना ती ‘९५ टक्के म्हणजे कितीपैकी?’ असा वाद घालत बसते, ही आपली तक्रारही वाचली. तिची शंका रास्त आहे आणि शुल्क भरण्यापूर्वी तिचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे.

समजा, शाखेतून १२० विद्यार्थी उत्तीर्ण झाले, परंतु गुणांची अट घालून महाविद्यालयाने त्यांपैकी ६० जणांनाच नोकरीच्या मुलाखतींसाठी पात्र ठरवले आणि ५७ जणांना नोकरी मिळाली, तर ९५ टक्के हा आकडा खरा ठरतो. मात्र सर्व १२० विद्यार्थी धरले तर तोच ४७.५ टक्क्यांवर येतो. एकाच मुलाला दोन कंपन्यांनी बोलावले असेल, तर ती एक नोकरी मोजली की दोन, हेही विचारावे लागते.

सरासरीचेही तसेच आहे. दहा जणांपैकी आठ जणांना साडेतीन लाख, एकाला ५ लाख आणि एकाला ४२ लाख मिळाले, तर सरासरी बरोबर साडेसात लाख येते, आणि तेवढा पगार त्या दहांपैकी कोणालाच मिळालेला नसतो. येथे उपयोगी पडतो तो मध्यक, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी रक्कम. या उदाहरणात ती साडेतीन लाख आहे. (मुलगी हे दहावीतच शिकली आहे, आपण तिला विचारून पाहावे.) शिवाय ‘पॅकेज’मध्ये एकदाच मिळणारा बोनस, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटी असे बरेच काही धरलेले असते, त्यामुळे दरमहा हाती येणारी रक्कम त्यावरून ठरवता येत नाही.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत सहभागी होणाऱ्या संस्थांना प्रवेश घेतलेले, वेळेत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले आणि उच्च शिक्षणाला गेलेले विद्यार्थी किती, तसेच नोकरी लागलेल्यांच्या वार्षिक वेतनाचा मध्यक किती, हे जाहीर करावे लागते. ही माहिती संस्थांनीच भरलेली असते, तरीही माहितीपत्रकापेक्षा ती कितीतरी बोलकी असते. आपले महाविद्यालय त्यात नसेल, तर हेच आकडे लेखी मागावेत. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर मी तेथे प्रवेश घेण्याचा सल्ला देणार नाही.

आता संख्याशास्त्राविषयी. मोजणी कशाची झाली आणि कोण वगळले गेले, हे विचारण्याची जी सवय आपल्याला हट्ट वाटते, तिच्यावरच या विषयाचे बरेचसे काम चालते. औषधांच्या चाचण्या, विमा, बँकांची कर्जजोखीम, सरकारी पाहण्या या सर्व ठिकाणी अशी माणसे लागतात. बी.एस्सी.वर थांबल्यास संधी मर्यादित राहतात, म्हणून एम.एस्सी. धरून पाच वर्षांची तयारी ठेवावी. प्राध्यापक हुजूरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात सुरू केलेला संख्याशास्त्र विभाग त्यासाठी जवळचा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी.स्टॅट. हा संख्याशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम अधिक कसाचा आहे. मात्र त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि अर्ज बारावीच्या निकालाआधीच मागवले जातात. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो आणि तीसाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असणे पुरेसे असते.

या सगळ्यासाठी गणिताची गोडी मात्र हवीच. बारावीच्या गणितात मुलगी कुठे अडते, हे तिच्याकडूनच लिहवून घ्यावे आणि महाविद्यालयाकडून मिळालेल्या आकड्यांसह मला पाठवावे. शुल्क भरण्याची मुदतही कळवावी.