पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नकोस

प्रिय मित्रा,

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी अद्भुतकथांच्या मालिकेत कशानंतर काय वाचावं, ते दाखवणारा तो बाणाबाणांचा तक्ता पाहून तू पार गांगरलास, आणि आता ४१ कादंबऱ्या कोणत्या क्रमानं वाचायच्या म्हणून विचारतोस. क्रमाचं नंतर बघू. पहिल्या पुस्तकापासून सुरू करायचं नाही, एवढं आधी मनाशी पक्कं कर.

‘द कलर ऑफ मॅजिक’ १९८३चं. तलवारी आणि जादूच्या जुन्या कथांची त्यात टर उडवलेली आहे. त्या कथा वाचलेल्या नसतील तर निम्मी गंमत हुकते. शिवाय गोष्ट अधांतरी सोडून पुस्तक संपतं. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. प्रॅचेटला तिथे स्वतःचा सूर सापडलेला नाही. मृत्यू हे या जगातलं एक पात्रच आहे; त्यातला मृत्यू बघ, कसा खुनशी आणि चिडका आहे. तोच मृत्यू १९८७च्या ‘मॉर्ट’मध्ये एका धांदरट पोराला हाताखाली शिकायला ठेवतो आणि स्वतः माणसांत जाऊन स्वयंपाक्याची नोकरी धरतो. तुला ज्याच्यावर जीव लावायचा आहे, तो लेखक हा.

तेव्हा ‘गार्ड्स! गार्ड्स!’ उचल. १९८९चं आहे. नायकाच्या अंगावर एकेक करून धावून जायचं आणि मरायचं, एवढ्यासाठीच कथांमध्ये पहारेकरी असतात. तुम्हाला हे चालेल का, असं त्यांना कुणी विचारत नाही. प्रॅचेटनं हे पुस्तक त्यांनाच अर्पण केलंय. त्यांचा कप्तान वाइम्स पहिल्यांदा भेटतो तो दारू पिऊन गटारात पडलेला. आणि अशा माणसाच्या शहरावर ड्रॅगन येतो. एकाच पात्रामागे अनेक पुस्तकं जायचं नसेल, तर सुटं वाचता येणारं ‘स्मॉल गॉड्स’ घे. मनापासून मानणारा एकच भक्त उरल्यामुळे कासव होऊन बसलेला देव त्यात आहे, आणि श्रद्धेबद्दल इतकं निर्भीड आणि तरी इतकं मायाळू लिहिलेलं मी फार थोडं वाचलंय.

“पण मग पहिलं राहून जाईल ना?” अरे, राहू दे की! ते कुठे पळून जातंय? या जगाची गोडी लागली की तू आपणहून तिकडे जाशील, आणि तेव्हा ते तुला आवडेलही. लेखकानं लिहिलं त्याच क्रमानं वाचावं, असा आग्रह धरणारे मला हटवादी म्हणतात. म्हणोत. चांगले वाचणारे लोक त्या पहिल्या पुस्तकावरच थांबलेले मी पाहिलेत. मृत्यूशी, वाइम्सशी त्यांची कधी ओळखच झाली नाही, याची मला आजही हळहळ वाटते. त्यांच्या पदरात काय पडलं? शिस्त पाळल्याचं समाधान!

कुणी तुला ‘नाइट वॉच’ सुचवेल, सर्वांत उत्तम म्हणून. उत्तम आहेच, म्हणूनच आत्ता हात लावू नकोस. त्यात वाइम्स भूतकाळात जाऊन स्वतःच्याच तरुणपणाला भेटतो. आधीच्या पुस्तकांतून त्याच्याबरोबर चालला नसशील, तर त्या भेटीचं तुला काय?

आणि ‘द शेफर्ड्स क्राउन’ सगळ्यांत शेवटी. प्रॅचेट मार्च २०१५मध्ये गेला आणि हे पुस्तक त्यानंतर आलं. इथे मात्र मीही क्रमाचा हट्ट धरतो. त्याची नायिका टिफनी ही तरुण चेटकीण; तिची आधीची पुस्तकं वाचल्याशिवाय ते उघडायचं नाही, आणि तिची सुरुवात ‘द वी फ्री मेन’पासून.

तो तक्ता आता मिटून ठेव. वाइम्स कसा वाटला ते कळव.