तारीख विचारणाऱ्या मुलीला

प्रिय बाळ,

येशूच्या नावात सलाम.

तुझा लांबलचक मेसेज रात्री दोनदा वाचला, सकाळी उपासनेआधी पुन्हा एकदा. एम.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म तू अजून भरलेला नाहीस, कारण व्हिडिओतल्या त्या प्रचारकाच्या हिशेबाने तुझा दोन वर्षांचा कोर्स पुरा होण्याआधीच प्रभू येणार. हे वाचून काही वेळ मी नुसता बसून राहिलो. "काका, खरं सांगा, वेळ उरलाय का?" असं तू विचारलंस. या प्रश्नाची चेष्टा करणारे तुला पुष्कळ भेटतील. मी करणार नाही. येशू परत येणार आहे यावर माझा विश्वास आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी उभं राहून 'तो येईपर्यंत' हे शब्द मी जवळजवळ चाळीस वर्षं उच्चारले, आणि रीत म्हणून एकदाही उच्चारले नाहीत. म्हणून तर तुझ्या हातातला तो हिशेब मला तुझ्याबरोबर बसून नीट तपासायचा आहे.

तू लिहिलेली बेरीज अशी : मत्तयाच्या २४व्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. झाड म्हणजे इस्राएल. १९४८ साली ते राष्ट्र झालं, म्हणजे झाडाला पालवी फुटली. हे सगळं पुरं होईपर्यंत 'ही पिढी नाहीशी होणार नाही' असं येशू म्हणतो, आणि पिढी म्हणजे ९०व्या स्तोत्राप्रमाणे ऐंशी वर्षं. १९४८ अधिक ८०, म्हणजे २०२८.

हीच बेरीज मी तरुणपणी ऐकली आहे. तेव्हा पिढी चाळीस वर्षांची धरत, म्हणून उत्तर १९८८ येई. अमेरिकेत नासाच्या एका माजी इंजिनियरने त्या वर्षासाठी ८८ कारणं देणारी पुस्तिका काढली आणि ती लाखोंनी खपली. सप्टेंबर १९८८ उलटला, तेव्हा त्याने हिशेबात एका वर्षाची चूक निघाली म्हणून १९८९ सांगितलं. झाड तेच, वचनही तेच, बदलला फक्त पिढीचा आकडा. आता लूकाचा २१वा अध्याय उघड. तिथे याच दाखल्यात येशू म्हणतो, अंजिराचं झाड आणि इतर सगळी झाडं पाहा. सगळी झाडं! इस्राएल एक झाड असेल, तर बाकीची झाडं कोणती? तो पालवीकडे बोट दाखवून उन्हाळा जवळ आल्याचं सांगतो आहे, एवढा साधा अर्थ आपल्या शेतकऱ्याला पहिल्या वाचनात कळतो.

आणि ते ९०वं स्तोत्र. त्यातून ऐंशीचा आकडा उचलणाऱ्याने चौथी ओवी कशी ओलांडली याचं मला नवल वाटतं. देवाच्या दृष्टीने हजार वर्षं कालच्या सरून गेलेल्या दिवसासारखी आहेत, असं त्याच स्तोत्रात आहे. २ पेत्राच्या तिसऱ्या अध्यायात, 'त्याच्या येण्याचं वचन कुठे गेलं?' असं विचारणाऱ्यांना उत्तर देताना हाच विचार पुढे येतो, आणि प्रभूचा उशीर ही त्याची सहनशीलता आहे असं तिथे लिहिलं आहे. स्तोत्रात दिवस मोजण्याची प्रार्थनाही आहे, बाराव्या ओवीत. पण मोजायचे दिवस आपले स्वतःचे आहेत, शहाणपण यावं म्हणून. जगाचे दिवस मोजायला मोशेच्या त्या प्रार्थनेत कुणी सांगितलेलं नाही.

'ही पिढी' हे शब्द मात्र कठीण आहेत, ते तुझ्यापासून लपवणार नाही. येशूचे समकालीन त्या पिढीत गेले, आणि तो मेघांवर आलेला कुणी पाहिला नाही. काही अभ्यासक म्हणतात, तो यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल बोलत होता. रोमी सैन्याने ते मंदिर इ.स. ७० मध्ये जाळलं, म्हणजे एका पिढीच्या आतच. काही म्हणतात, ही शेवटच्या काळातली पिढी. आल्बर्ट श्वाइट्झर या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने १९०६ मध्ये सरळ लिहिलं की येशूला शेवट अगदी जवळ वाटत होता आणि तो आला नाही. याच श्वाइट्झरने पुढे आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना काढून आयुष्य रुग्णांना दिलं, हे तुला नर्स म्हणून आवडेल. माझं मत विचारशील तर मत्तयाच्या त्या २४व्या अध्यायाचा पहिला भाग मी मंदिराकडे लावतो. पण पिढीची ओवी चौतिसावी आहे, आणि छत्तिसाव्या ओवीत येशू सांगतो की तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. मार्कात तर पुत्रालाही नाही असं स्पष्ट आहे. दोन ओव्यांचं अंतर. 'जवळ आहे' आणि 'कुणाला ठाऊक नाही' ही दोन वाक्यं त्याने इतकी शेजारी ठेवली, तर एक पुसून दुसरं वाचायचा हक्क मला नाही.

विल्यम मिलरबद्दल तुला सांगायला हवं, कारण तो लबाड नव्हता. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, बॅप्टिस्ट, पवित्र शास्त्र ओवीन् ओवी वाचणारा. दानीएलच्या ८व्या अध्यायात २३०० संध्याकाळ-सकाळ आहेत. त्याने दिवसाला वर्ष धरलं, इ.स.पूर्व ४५७ पासून मोजलं, आणि प्रभू १८४३च्या सुमारास येईल असं त्याला दिसलं. बरीच वर्षं तो बोलायलाही धजला नाही. नेमका दिवस त्याने ठरवलाच नव्हता. तो त्याच्या अनुयायांतून आला : २२ ऑक्टोबर १८४४. मिलरने तो अगदी शेवटच्या आठवड्यांत मान्य केला. काही शेतकऱ्यांनी बटाटे जमिनीतच राहू दिले, काहींनी दुकानं बंद केली. ती रात्र जागून काढलेली माणसं पहाटेपर्यंत रडली. अमेरिकन इतिहासात त्या दिवसाला 'मोठी निराशा' हेच नाव पडलं. कित्येक जण मग कुठल्याच मंडळीत परतले नाहीत. काहींनी म्हटलं, तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली; त्या गटातून १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली, पुण्याचं स्पायसर कॉलेज त्यांचंच. मिलरने चूक कबूल केली, आशा सोडली नाही, आणि १८४९ मध्ये तो वारला. त्याच्याविषयी वाचताना मला त्याची कीव येत नाही, जवळीक वाटते.

का, ते सांगतो. १७ जानेवारी १९९१ला आखाती युद्ध सुरू झालं. मी तेव्हा नुकताच एका मंडळीचा पाळक झालो होतो. इराक म्हणजे बाबेल, असं म्हणत मी व्यासपीठावरून बाबेलच्या नाशाचा, प्रकटीकरणाचा १८वा अध्याय काढला आणि सांगितलं की फार तर वर्ष-दोन वर्षं उरली आहेत. मंडळी रडली, पुढे येऊन गुडघे टेकले. मला वाटलं, संजीवन आलं. २८ फेब्रुवारीला युद्ध थांबलं. मंडळीतल्या एका आजीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. माझं ऐकून त्यांनी मुलाला सांगितलं, आता कशाला, प्रभूच डोळे उघडील. युद्ध संपल्यावरही त्यांनी ऐकलं नाही. मोतीबिंदू पिकला, डोळ्यातला दाब वाढला आणि एक डोळा कायमचा गेला. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. दर रविवारी माझा हात धरून विचारायच्या, "आज कुठला अध्याय वाचला?" मी सांगायचो, आणि माझा आवाज नीट निघायचा नाही. तारीख मी दिली नव्हती ना, असं मनाला पुष्कळ सांगून पाहिलं. 'वर्ष-दोन वर्षं' ही तारीखच होती.

त्यानंतर काही वर्षांनी मला उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टिन याचं एक पत्र वाचायला मिळालं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं होतं, लोकांना शेवट दिसू लागला होता. सलोनाचा बिशप हेसिकियस याने ऑगस्टिनला लिहिलं की चिन्हं पाहता प्रभू लवकर येणार असं मानायला हवं. ऑगस्टिनने फार प्रेमाने लांब उत्तर दिलं. त्यात तीन चाकर आहेत. पहिला म्हणतो, धनी लवकर येणार, म्हणून जागे राहू. दुसरा म्हणतो, धन्याला उशीर आहे, पण आपलं आयुष्य थोडं आहे, म्हणून जागे राहू. तिसरा म्हणतो, धनी कधी येईल मला ठाऊक नाही, म्हणून जागे राहू. तिघांचंही धन्यावर प्रेम आहे, तिघेही जागे आहेत. मत्तय २४च्या शेवटी जेवणावळी उठवणारा, सोबत्यांना मारणारा जो वाईट चाकर आहे, तो यांच्यात नाही. पण पहिल्याचं चुकलं तर ऐकणारे डळमळतील, आणि उशीर झाला याऐवजी तो येणारच नाही असं धरून बसतील, ही ऑगस्टिनची भीती. दुसऱ्याचं चुकलं तर माणसं आनंदाने चकित होतील. तिसऱ्याचं चुकण्यासारखं काही नाहीच. ते पत्र वाचताना मला त्या आजीबाई दिसत होत्या. 'मला ठाऊक नाही' असं व्यासपीठावरून म्हणायला मी त्या दिवसापासून शिकलो, आणि सुरुवातीला ते फार जड गेलं. लोकांना पाळकाकडून उत्तर हवं असतं.

प्रकटीकरणात सांगितलेल्या ख्रिस्ताच्या सहस्र वर्षांच्या राज्याचे वाद तू विचारले आहेस, त्यांत इथे फार शिरत नाही. प्रभूचं राज्याआधी येणं, राज्यानंतर येणं, की मंडळीचा आत्ताचा काळ हेच ते राज्य : तिन्ही बाजूंना देवभीरू माणसं उभी आहेत. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांत दुसऱ्या मताचा जोर होता. सुवार्ता पसरत जाऊन पृथ्वीवर सुराज्य येईल आणि मग राजा येईल. तो हिशेब मला पटत नाही. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी नगरला काढलेल्या शाळेत माझी आजी अक्षरं गिरवायला बसली.

'उचलले जाण्या'बद्दल मात्र थांबून लिहितो, कारण तुझी झोप त्याने उडवली आहे. दोन टप्प्यांचं येणं, आधी गुपचूप मंडळीला स्वर्गात उचलून नेणं, मग पृथ्वीवर मोठ्या छळाचा काळ म्हणजे महासंकट, आणि त्यानंतर उघड येणं, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने १८३०च्या दशकात पसरवली, आणि १९०९च्या स्कोफील्डच्या टीपा असलेल्या पवित्र शास्त्राने ती घरोघरी नेली. आधार आहे १ थेस्सलनीकाकरांस ४:१७. आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'प्रभूला सामोरे' होण्याचे शब्द आहेत. मूळ ग्रीक शब्द 'अपान्तेसिस'. राजा किंवा मोठा अधिकारी येताना नगरातली माणसं वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि त्याच्याबरोबर आत परतत, त्या भेटीसाठी तो वापरला जाई. दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोरं जाताना तोच शब्द आहे. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे बंधू पौलाला भेटायला शहराबाहेर येतात, तिथेही तोच, आणि ते त्याला घेऊन रोमलाच जातात. शेजारच्या लग्नातलं सीमान्तपूजन तू पाहिलं आहेस. वऱ्हाडाला सामोरी गेलेली माणसं वऱ्हाडाबरोबर निघून जातात का? मला हे वाचन पटतं. डार्बीच्या बाजूचे भाऊ याला उत्तर देतात, तेही तू ऐक.

शिवाय पौलाने ते का लिहिलं ते बघ. थेस्सलनीकाच्या मंडळीतली काही माणसं वारली होती. मागे राहिलेल्यांना वाटलं, प्रभू येईल तेव्हा आपली माणसं चुकली. पौल त्यांना धीर देतो आहे. तुझ्या वॉर्डात रात्री कुणी गेलं की बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी तू जसं बोलतेस, त्या आवाजात ते लिहिलं आहे. भीती घालायला ते वापरलं जाताना पाहून मला वाईट वाटतं. आणि त्याच मंडळीला, काही जण कामधंदा सोडून बसले तेव्हा, दुसऱ्या पत्रात पौलाने बजावलं की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये.

आणखी एक शब्द देतो. १ करिंथकरांसच्या शेवटी 'मारानाथा' आहे. अरामी भाषेतला. तो एका ठिकाणी तोडला तर अर्थ होतो 'आमचा प्रभू आला आहे', दुसऱ्या ठिकाणी तोडला तर 'आमच्या प्रभू, ये'. आपल्या कानाला त्यात 'नाथ' ऐकू येतो. तो योगायोग आहे, पण मला लहानपणापासून प्रिय आहे. माझी आई कंदील लावताना हा शब्द म्हणायची, आणि लगेच उद्याच्या भाकरीचं पीठ काढून ठेवायची.

त्या व्हिडिओंवरून घरात आईशी भांडू नकोस. तिने ते तुला धाडले कारण तू मागे राहू नयेस असं तिला वाटतं. रविवारी उपासनेनंतर तिलाही घेऊन ये. थेस्सलनीकाकरांसचं पहिलं पत्र आपण सुरुवातीपासून मोठ्याने वाचू. पाचच अध्याय आहेत, अर्धा तासही लागणार नाही. मध्ये थांबून कुणी समजावून सांगायचं नाही, मीसुद्धा नाही.

आणि फॉर्म घेऊन ये. कुणाची सही किंवा दाखला लागत असेल तर मी देईन. पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडत असतील तर तेही संकोच न करता सांग.

तुझा,
काका