पडीक शेत सोडून दिलं तर पानगळीचं जंगल परत येतं का?

तुम्ही विचारलंय, अमेरिका-युरोपातली पानगळीची जंगलं तोडल्यावर आपोआप परत येतात का आणि किती वर्षांत. येतात. गवत, झुडपं, मग ऊन मागणारी बर्च-पाइनची झाडं, आणि त्यांच्या सावलीत सावकाश वाढणारे मेपल, बीच. जुनं रान म्हणावं असं व्हायला शतकं जातात.

पण झुडपांना कचरा समजू नका. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. आजोबा गेल्यावर आमचं एक शेत बारा वर्षं पडून होतं. रामेटा आणि करवंद माजलेलं. थोरला भाऊ, अण्णा, म्हणायचा, "साफ करायला पाहिजे." मी करवंदीच्या जाळीत वाकून बघितलेलं. आत ऐन, किंजळ, जांभूळ, कमरेइतकी रोपं! ऐन-किंजळीच्या बिया वाऱ्यानं आलेल्या, जांभळाच्या पाखरांनी आणलेल्या. उघड्यावरचं एक रोप गुरं ठेवत नव्हती, काट्यात मात्र तोंड घालत नव्हती. अण्णाला हात धरून दाखवलं. मी बेळगावात नोकरीला. मे महिन्यात घरी आलो तर जेसीबी फिरलेला. बारा वर्षांचं रान दोन दिवसांत सपाट. तिथं अकेशिया लावली. ती उंच झालीय, आणि अण्णा पाहुण्यांना "आमचं जंगल" म्हणून दाखवतो. एका जातीची, एका वयाची झाडं रांगेत उभी केली की जंगल होत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी सोडलेल्या शेतांत पांढरा पाइन उगवला. 1900 च्या आसपास तो पेट्यांच्या लाकडासाठी तोडला, तेव्हा वर आले ते ओक, मेपल. त्यांची रोपं पाइनखाली आधीच तयार होती. तिथल्याच पीटरशॅम गावी 1907 पासून हार्वर्ड फॉरेस्टमध्ये, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधनाच्या जंगलात, याचाच अभ्यास चाललाय. येणारं जंगल आधी खाली असतं, अण्णा, हेच मी सांगत होतो.

हां, तिकडची पानं थंडीनं गळतात, आपली पाणी कमी पडल्यानं, तेव्हा तिकडचे आकडे इथं लावू नका. शिवाय जवळ बियांची झाडं हवीत. तिकडे हरणं फार झाली की रोपं उरत नाहीत, इकडे वणवा आणि रानमोडीचं माजणारं तण.

तुमचं शेत असेल तर कोयता घालण्याआधी जाळीत वाकून बघा. आमच्या ओढ्याकडची दोन गुंठे करवंद अजून शाबूत आहे. यंदा त्यातला ऐन जाळीच्या वर निघालाय. अण्णा, तेवढी राहू दे.