समारंभ नक्की कुणाचा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

समाजात काम करणाऱ्यांसाठी नेतृत्व अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांकडून या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांचा विषय एकच होता : तुकडी बाहेर पडताना तिचा गौरव कसा करायचा आणि आधीच्या तुकड्यांशी नातं टिकवायचं कसं. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची 42 जणांची तुकडी आहे. गेल्या वेळी प्रमाणपत्र वितरण दोन तासांत उरकायचं ठरलं होतं, लागले साडेतीन. शेवटी निम्मं सभागृह रिकामं होतं. नेमकं कुठे कापायचं?

वेळ बहुधा प्रमाणपत्रांत जात नाही, मंचावरच्या खुर्च्यांत जाते. तिथे सहा जण बसवले की सहा जणांचा परिचय होतो, सहा सत्कार होतात आणि प्रत्येकाला ‘दोन शब्द’ द्यावे लागतात. ते दोन शब्द कधी दोनावर थांबत नाहीत. मंचावर एकच पाहुणा बसवा, बाकीच्यांना पहिल्या रांगेत मानाने जागा द्या आणि त्यांची नावं स्वागतात एकदाच घ्या. हे पटवणं अवघड जातं. पण हे केलं नाहीत, तर बाकीची काटछाट फुकट जाते.

आता हिशोब. नाव पुकारल्यापासून माणूस मंचावरून उतरेपर्यंत 25 सेकंद लागतात. 42 जणांची साडेसतरा मिनिटं झाली. प्रत्येकाने स्वतःच्या कामाबद्दल एक वाक्य बोलायचं असेल तर माणशी 45 सेकंद धरा, म्हणजे साधारण 32 मिनिटं. आम्ही ही 32 मिनिटंच सुचवू, कारण घरची माणसं तेवढ्यासाठीच आलेली असतात. पुढचं असं बसतं : स्वागत 5, अभ्यासक्रमाचा अहवाल 8, पाहुण्यांचं भाषण 12, तुकडीतल्या दोघांची मनोगतं मिळून 8, माजी प्रशिक्षणार्थींचा गौरव 15, आभार 3, समूहछायाचित्र 10. प्रमाणपत्रं धरून बेरीज 93 होते. उरलेली 27 मिनिटं भरू नका. त्यातली दहा उशिरा सुरू होण्यात जाणारच, बाकीची माइक, टाळ्या आणि मंचावरच्या ये-जा यांत.

पाहुण्यांना 12 मिनिटं दिली आहेत हे निमंत्रणपत्रातच लिहा. आदल्या दिवशी फोनवर सांगितलं तर ते विनंतीसारखं वाटतं, पत्रात असलं की कार्यक्रमाचा भाग वाटतो.

क्रम असा ठेवा की प्रमाणपत्रं पहिल्या तासात संपतील. मग लोक उठून जातील, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे मंचावर रिकामा फोल्डरच द्यायचा आणि खरं प्रमाणपत्र समूहछायाचित्रानंतर बाहेरच्या टेबलावर, आडनावाच्या क्रमाने, सही घेऊन द्यायचं. याचा दुसरा फायदा मोठा आहे. एक जण गैरहजर राहिला आणि ढीग एकाने सरकला, तर त्यापुढच्या प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं प्रमाणपत्र पडतं आणि ते मंचावरच लक्षात येतं. रिकाम्या फोल्डरने हा गोंधळ मुळातच होत नाही.

नाव पुकारण्यासाठी छापील यादीवर विसंबू नका. ए4 कागदाच्या चौथाई आकाराच्या कार्डावर ठळक अक्षरात नाव लिहा, खाली त्या व्यक्तीचं वाक्य, आणि ते कार्ड ज्याच्या त्याच्या हाती द्या. पायरी चढताना त्याने ते सूत्रसंचालकाला द्यायचं. रांगेत कुणी पुढेमागे झालं तरी चूक होत नाही. उच्चाराची शंका असेल तर त्या व्यक्तीकडूनच तिच्या नावाचा आवाजी संदेश आधी मागवून ठेवा. मंचावर एका बाजूने चढणं, दुसऱ्या बाजूने उतरणं, आणि एक जण मधोमध असताना पुढचा पायरीवर तयार, एवढं दहा मिनिटांच्या तालमीत बसतं. पाहुण्यांनी फोल्डर डाव्या हाताने द्यायचा, म्हणजे उजवा हात हस्तांदोलनाला मोकळा राहतो आणि छायाचित्रात दोघांचे चेहरे झाकले जात नाहीत.

प्रश्न : प्रमाणपत्रांवरची नावं छापून आली ती विचित्रच. काहींत वेलांट्या उलट्या, काहींत चक्क इंग्रजी अक्षरं. यादी तर बरोबर होती.

हे दोन वेगवेगळे घोळ आहेत.

इंग्रजी अक्षरं दिसतात तेव्हा यादी युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर मराठी मराठीच राहते अशा सांकेतिक पद्धतीत) नसून जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असते. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट बदलला की मुखवटा गळतो. अशी यादी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि मग प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासा, कारण परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. पन्नासच्या आत नावं असतील तर सरळ पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडते किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात, तेव्हा यादी युनिकोडमध्येच असते, पण मांडणीचं सॉफ्टवेअर देवनागरी जुळवत नसतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा कंपोझर. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मजकुराच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिपींची सोय चालू करावी लागते. पक्कं करण्यासाठी आधी ‘श्रद्धा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘सावित्री’, ‘कऱ्हाडे’ आणि ‘कीर्ती’ ही पाच नावं छापून बघा. ही बरोबर आली तर बाकीची सहसा येतात.

तिसरा घोळ यंत्राचा नसतो. कागदपत्रांवर एक नाव, हाक मारायचं वेगळं, आणि काहींना मधलं नाव आईचं हवं असतं. लग्नानंतर कोणतं आडनाव लावायचं हे तर ज्याचं त्यानेच ठरवायचं. अर्जावरून नाव उचलू नका. ‘प्रमाणपत्रावर तुमचं नाव कसं छापायचं?’ असा स्वतंत्र प्रश्न विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी कच्चा छाप दाखवून प्रत्येकाची सही घ्या. त्यानंतर बदल नाही.

कागद 250 ते 300 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) चांगला. 300चा कागद घरगुती प्रिंटरच्या खालच्या ट्रेतून घातला तर आत वळताना अडकतो, मागच्या सरळ फटीतून घाला. फाइल 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपके), म्हणजे ए4साठी 2480 गुणिले 3508 पिक्सेल. छापखान्यात देणार असाल तर चारही बाजूंनी 3 मिमी जादा पार्श्वभूमी सोडा, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. लॅमिनेशन करायचंच असेल तर सह्या आधी घ्या, चकचकीत थरावर शाई पुसटते. दर दहामागे एक, या हिशेबाने कोरी प्रमाणपत्रं जास्त छापून ठेवा. लागतातच.

प्रश्न : दोघांनी निम्म्याहून जास्त सत्रं चुकवली. प्रमाणपत्र न द्यावं तर मन दुखतं, द्यावं तर बाकीचे कुरकुरतात.

कुरकुर करणारे बरोबर आहेत. दहा सत्रांतली किमान आठ आणि एक पूर्ण केलेलं काम, अशी अट पहिल्याच दिवशी लेखी द्या. थोडक्यात हुकलेल्यांना समारंभाच्या तीन आठवडे आधी भरपाईचं काम सुचवा. तेही झालं नाही तर पुढच्या तुकडीबरोबर उरलेली सत्रं करायची मुभा द्या. ‘सहभागाचं’ वेगळं प्रमाणपत्र देता येईल, पण त्याच मंचावर वेगळ्या रंगात नको, तो जाहीर अपमान होतो. ते टपालाने पाठवा.

प्रश्न : तुकडीतून मनोगत कुणी व्यक्त करावं? दर वेळी तीच छान बोलणारी दोन-तीन माणसं पुढे येतात आणि भाषण म्हणजे नुसते संस्थेचे आभार होतात.

निवड समन्वयकांनी करू नये, तुकडीने गुप्त मतांनी करावी आणि तीन आठवडे आधी करावी. आभारांना आभारप्रदर्शन आहेच, मनोगतात ते एका वाक्यात संपवायला सांगा.

भाषणाचा सांगाडा हवा असेल तर हार्वर्डमध्ये लोकसंघटन शिकवणारे मार्शल गँझ यांची तीन पायऱ्यांची रीत उपयोगी पडते : आधी स्वतःची गोष्ट, मग आपल्या सगळ्यांची, मग आत्ता काय करायचं ते. मराठी वक्ते पहिल्या पायरीवर फार रेंगाळतात आणि तिसरीला येईपर्यंत वेळ संपते. म्हणून लिहायला तिसऱ्या पायरीपासून बसवा. ‘आमच्या वस्तीतल्या बंद पडलेल्या वाचनालयासाठी मला आठवड्यातून दोन तास देणारे तीन जण हवेत’ हे वाक्य आधी ठरलं, की त्याला लागेल तेवढीच गोष्ट आपोआप निवडली जाते. चार मिनिटांत सावकाश बोलून 400 ते 450 शब्द होतात, त्याहून जास्त लिहू देऊ नका.

माइकवर एकदा तालीम हवीच. तोंडापासून एक वीत, किंचित तिरका. स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. ते मागे राहिले की त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिटी वाजते.

प्रश्न : माजी प्रशिक्षणार्थींचा 200 जणांचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर शुभेच्छा येतात, वाढदिवस होतात, पण कामाला कुणी येत नाही.

दोनशे जणांना उद्देशून केलेली विनंती कुणालाच उद्देशून नसते. गट बंद करू नका, त्याचं काम बदला. व्हॉट्सॲपच्या ‘कम्युनिटी’त सूचनांचा एक गट ठेवता येतो, तिथे सूचना फक्त चालक (ॲडमिन) टाकतात आणि सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. त्याखाली तुकडीनिहाय छोटे गट ठेवा. वाढदिवस तिथे होऊ देत, तेही लागतातच.

खरं काम यादीवर होतं. साध्या तक्त्यात हे रकाने पुरतात : नाव, तुकडीचं वर्ष, संपर्क, कामाचा भाग, कामाचा विषय, ‘मी काय देऊ शकतो’, ‘मला काय हवं’, माहिती इतरांना द्यायला संमती आहे का, आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. शेवटचा रकाना बहुतेक संस्था ठेवत नाहीत, मग तीन वर्षांपूर्वीच्या क्रमांकावर निमंत्रणं जात राहतात. ‘मला काय हवं’ हाही अनेकदा वगळला जातो. माणसं मदतीला येत नाहीत त्याचं एक कारण असं की त्यांना कधी कुणी काही विचारलेलंच नसतं, फक्त मागितलेलं असतं.

प्रत्येक तुकडीतून दोन संपर्ककर्ते निवडा. वर्षातून दोनदा प्रत्येकाने दहा-बारा जणांना फोन करून यादी ताजी करायची. त्यापेक्षा जास्त फोन लादले तर दुसऱ्या वेळी संपर्ककर्ताच फोन उचलत नाही.

मागणी लहान आणि मोजलेली असू द्या. ‘संस्थेला वेळ द्या’ याला उत्तर येत नाही. ‘शनिवारी सकाळी दहा ते एक नव्या तुकडीच्या मुलाखती आहेत, पाण्याच्या प्रश्नावर काम केलेला एक परीक्षक हवा’ याला येतं, कारण यादी चाळून तुम्ही ते नेमक्या चार जणांनाच पाठवलेलं असतं.

समारंभाचा उपयोग इथे करून घ्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची जोडी एका माजी प्रशिक्षणार्थीशी लावा, तीन महिन्यांसाठी, महिन्याला एक भेट. जोडी मोडते ती पहिल्या भेटीआधीच, कारण ‘भेटू एकदा’ यावर दोघंही निघून जातात. बाहेरच्या टेबलावर प्रमाणपत्रासोबत जोडीदाराच्या नावाची चिठ्ठी द्या आणि सभागृह सोडण्यापूर्वी पहिल्या भेटीची तारीख टेबलावरच्या वहीत लिहून घ्या. प्रमाणपत्र घ्यायला त्याच टेबलाशी यायचं असतं, त्यामुळे कुणी सुटत नाही.

प्रश्न : ‘उत्कृष्ट माजी प्रशिक्षणार्थी’ पुरस्कारावरून दर वर्षी रुसवेफुगवे होतात. निकष काय असावेत?

प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये चार पातळ्या मांडल्या : प्रशिक्षण आवडलं का, त्यातून शिकले का, वागण्यात उतरलं का, आणि प्रत्यक्ष परिणाम काय झाला. पुरस्कार तिसऱ्या आणि चौथ्या पातळीसाठी असावा. म्हणून अभ्यासक्रम संपून किमान दोन वर्षं झालेल्यांचाच विचार करा.

नामांकन दुसऱ्याने करायचं. सोबत ज्यांच्यासाठी काम झालं अशा दोन माणसांचं म्हणणं हवं, पदाधिकाऱ्यांची शिफारस नको. समिती तीन किंवा पाच जणांची, एक जण संस्थेबाहेरचा, आणि नात्यातलं नामांकन आलं की त्या सदस्याने चर्चेतून उठायचं. किती पदं मिळाली याला गुण देऊ नका. एखाद्या वर्षी योग्य नामांकन आलंच नाही तर पुरस्कार देऊ नये, तशी तरतूद नियमात आधीच लिहा.

प्रश्न : एक माजी प्रशिक्षणार्थी निवडणुकीला उभी आहे. तिचा सत्कार करावा का?

मतदान होईपर्यंत नाही. तिने प्रेक्षकांत बसायला काहीच हरकत नाही, पण मंच, माइक आणि संस्थेच्या फलकासमोरचं छायाचित्र या तीन गोष्टी टाळा. हा नियम सर्व उमेदवारांना सारखा आहे हे तिला समारंभाआधी फोन करून सांगा.

प्रश्न : समूहछायाचित्रात कडेची माणसं ताणल्यासारखी का दिसतात?

जवळून, रुंद भिंगाने काढल्यामुळे. 42 जणांच्या तीन रांगा करा : 13 बसलेले, 14 उभे, 15 पायरीवर. रुंदी साधारण सात मीटर होते. फोनवर 2एक्स (दुप्पट झूम) लावून दहा-अकरा मीटर मागे जा, मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावर 50 मिमी भिंग आणि भिंगाचं छिद्र एफ/8. पाठीमागे खिडकी नको. कुणी ना कुणी डोळे मिटतंच, तेव्हा लागोपाठ सहा तरी काढा.