पंचनाम्यात पडझड "निरंक" लिहू देऊ नका (सीनाकाठच्या पोस्टला उत्तर)

तुमची पोस्ट वाचली आणि आमचा 2019 चा ऑगस्ट डोळ्यासमोर आला. पाणी चार दिवस घरात होतं, आता ओसरलंय, घर मातीच्या भिंतीचं आहे, उद्या पंचनाम्याला येणारेत, तर तोवर धुऊन काढू का असं विचारलंय तुम्ही. आधार, पासबुक, रेशन कार्ड सगळ्यांनी सांगितलंच आहे, ते परत लिहीत नाही.

धुऊ नका. निदान भिंतीवरची पाण्याची रेघ तरी पुसू नका. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

आम्ही कृष्णाकाठचे. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं, तिथली धोक्याची पातळी 45 आहे, यावरून अंदाज करा. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी माणसं आली पंचनाम्याला. घर उभं होतं. मागची भिंत खालून कंबरेपर्यंत काळी पडलेली, बोट दाबलं तर पेरभर आत जात होतं, पण उभी होती. त्यांनी विचारलं पडझड काय, मी म्हणालो देवाच्या कृपेनं काही नाही. त्यांनी लिहिलं "पाणी शिरले, पडझड निरंक". मी सही केली. वाचून केली, आणि खरं तेच लिहिलंय असं वाटून केली. आयुष्यात एवढी महागात पडलेली सही दुसरी नाही.

सहाव्या दिवशी पहाटे भिंत बसली. पाऊस नव्हता, उलट दोन दिवस कडक ऊन पडलेलं. नंतर गावातल्या जुन्या गवंड्यानं सांगितलं, पाणी दोन्ही अंगाला असतं तोवर मातीची भिंत तग धरते, पाणी गेलं की खालचा भाग लोण्यासारखा मऊ राहतो आणि वरचं ओझं त्याच्यावर बसतं. आमच्या गल्लीत पुरात पडली त्यापेक्षा जास्त घरं पूर ओसरल्यावर पडली.

मग फेऱ्या सुरू. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथली सगळीच माणसं वाईट नव्हती. पण उत्तर एकच, तुमचा पंचनामा झालाय, यादी वर गेलीय, आता बदल होत नाही. एक जण म्हणाला पूर ओसरल्यावर पडली म्हणजे पुरानं पडली कशावरून? अहो मग कशानं पडली! सात महिने मजुरी बुडवून हेलपाटे घातले, दर वेळी टेबल वेगळं. ग्रामीण भागात कुटुंबाला 10 हजार सानुग्रह अनुदान होतं ते मिळालं, आधी 5 हजार रोख आणि बाकीचे खात्यावर, त्याबद्दल तक्रार नाही. पण घराचे शून्य. तेव्हाच्या केंद्राच्या निकषात सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 95,100 होते आणि कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला 3,200. नंतर 2022 पासून ते 1,20,000 आणि 4,000 झाले. अंशतःलासुद्धा निदान 15 टक्के नुकसान दिसावं लागतं. म्हणजे कागदावर कुठला शब्द पडतो त्यावर सगळं आहे, आणि माझ्या कागदावर "निरंक" पडला होता.

म्हणून उद्या आल्यावर सांगा की भिंत किती फूट भिजलीय, भेगा कुठं आहेत, कुठली बाजू झुकलीय, राहायला धोकादायक आहे, हे जसंच्या तसं लिहा. लिहीत नसतील तर सही करताना खाली स्वतःच्या हातानं लिहा. कोऱ्या रकान्यांवर सही नको. सही झाली की कागदाचा फोटो घ्या, ते नको म्हणतील, तरी घ्या. आणि नंतर भिंत पडलीच तर त्याच दिवशी फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मी आठ दिवस तोंडी सांगत फिरलो, तिथंच हातचं गेलं.

हे माझ्या अनुभवावरून सांगतोय, मी काही महसूल खात्यातला नाही, तुमच्याकडे नियम थोडे वेगळे असू शकतात. पण माझं मत स्पष्ट आहे, मातीच्या घरांचा पंचनामा दोनदा व्हायला पाहिजे, पाणी उतरल्यावर एकदा आणि पंधरा दिवसांनी परत. पूर काही पाणी ओसरलं की संपत नाही. बोटी येतात, जवान जीव धोक्यात घालून माणसं काढतात, त्यांचे उपकार विसरणार नाही, पण नंतरच्या पंधरवड्यात कोणी फिरकत नाही.

अजून एक, जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टर येऊन बघेपर्यंत पुरू नका, आणि थांबणं शक्यच नसेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचता येईल असा फोटो तरी काढा. आणि मीटरचा बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय लाइट चालू करू नका.

तुम्ही लिहिलंय की आई आतल्या खोलीत झोपतात. ती खोली भिजलेल्या भिंतीला लागून असेल तर आज रात्रीच त्यांना शाळेत नाहीतर कुणाच्या तरी पक्क्या घरात हलवा. आमची भिंत पडली तेव्हा आई गोठ्याकडे गेली होती म्हणून वाचली, तिची चटई आम्ही मातीच्या ढिगाखालून ओढून काढली.