डबा भरलेलाच परत येतो

"आईचे रिपोर्ट खराब येतायत. तिला तिथे ठेवलं म्हणूनच ना?"

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच. कधी मुलगा विचारतो, कधी सून, बहुतेक वेळा मुलगी. ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की समोरच्याने पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. त्यातल्या एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी आहे, ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

या ताई घोडबंदर रोडला राहणाऱ्या, बँकेत अधिकारी. आई ८१ वर्षांची, पडून खुबा मोडल्यानंतर नेरूळच्या एका सेंटरमध्ये. 'वृद्धाश्रम' हा शब्द ताईंनी सगळ्या भेटींत एकदाही उच्चारला नाही. दर रविवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून त्या नेरूळला जायच्या, बेसनाचे लाडू घेऊन.

फाईलमध्ये हाताने आखलेला तक्ता होता. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, ३.६, मग ३.४, मग ३.१. लाल पेनाने खाली जाणारे बाण. हिमोग्लोबिन १०.२. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाची (आतल्या सुजेची) खूण, वाढलेलं. किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन ०.५, त्यापुढे मात्र हिरवी टिकमार्क.

"हे एवढंच काय ते बरं आहे," त्या म्हणाल्या.

मी डॉक्टर नाही, पण वृद्धांच्या घरच्यांबरोबर बसायचं तर थोडं शिकून घ्यावं लागतं, ते मी घेतलंय. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. वाळलेल्या म्हाताऱ्या माणसात ते कमी आलं तर किडनी उत्तम आहे असं नव्हे, कधीकधी स्नायूच उरले नाहीत असा त्याचा अर्थ असतो. आणि ज्याला आपण 'खाण्याचा आकडा' समजतो ते अल्ब्युमिन शरीरात कुठे दाह असला, साधा लघवीचा संसर्ग झाला, तरी उतरतं, कारण यकृत तेव्हा दुसरीच प्रथिनं बनवण्यात गुंतलेलं असतं. रक्तात आज असलेल्या अल्ब्युमिनपैकी निम्मं संपायलाही तीनेक आठवडे लागतात. ताई मात्र दर दहा दिवसांनी तपासणीचा आग्रह धरत होत्या, आणि सेंटरवाले कंटाळून करून देत होते.

हे सगळं मी त्यांना लगेच सांगितलं नाही. सांगून उपयोग नसतो. माझी सगळी जडणघडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. माणूस आकड्याने हादरत नाही, आकड्याला त्याने जो अर्थ चिकटवलेला असतो त्याने हादरतो, हे मी बावीस वर्षं रोज बघतेय. म्हणून विचारलं, "३.१ म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे आई खंगतेय."

"आणि आई खंगतेय म्हणजे?"

बराच वेळ गेला. "म्हणजे मी नापास झाले."

रक्त आईचं आणि निकाल मुलीचा. या मंडळींच्या फायलीत मला बहुतेक वेळा हेच सापडतं.

पण इथे माझंही चुकलं, ते लिहायला हवं. पुढच्या दोन भेटी मी आई-मुलीच्या नात्यात घालवल्या. आईशी कधी वाद झाला, तिने काय सुनावलं, सेंटरमध्ये जाताना ती काय म्हणाली. ताई रडल्या, मलाही वाटलं की आपण योग्य जागी हात घातलाय. चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, "तिचा राग गेलेला नाही. मी नेलेले लाडू खात नाही. डबा भरलेलाच परत येतो. हट्टाने उपाशी राहते आणि रिपोर्ट बिघडतात. मला शिक्षा करतेय ती."

"कुठला डबा?" हा प्रश्न मला का सुचला, ठाऊक नाही. घरात मीही डबे भरते, एवढंच कारण असावं.

डबा त्यांच्या पिशवीतच होता, आदल्या दिवशी परत आणलेला. त्यांनी टेबलावर ठेवला. चारही बाजूंनी खटके असलेला, हवाबंद, महागातला. लाडू मऊ राहावेत म्हणून मुद्दाम घेतलेला. मी उघडायला गेले. माझं वय एकसष्ट, उजव्या अंगठ्याचा सांधा दुखरा. पहिला खटका निघाला, दुसऱ्याला नख लावावं लागलं, तिसऱ्याला मी डबा पोटाशी धरला. ताई माझ्या हातांकडे बघत होत्या. चौथा खटका मी उघडलाच नाही.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता.

"आईला विचारलंत कधी, का खात नाही म्हणून?"

"नाही. रागावलीय हे माहीतच होतं ना मला."

"माहीत होतं, की वाटत होतं?"

ताईंनी डबा उचलला, एकेक खटका लावला, परत उघडला, परत लावला. म्हणाल्या, "तिला तर पाण्याच्या बाटलीचं बूचही मावशी उघडून देतात. मी बघितलंय. दर रविवारी बघितलंय."

त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. खरं सांगायचं तर बोलण्यासारखं माझ्याकडेही नव्हतं. दोन भेटी मी मनात उत्तर शोधत होते आणि ते अंगठ्यात होतं.

वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे, हे विशेष. म्हातारपणी अंगातलं त्राण जातं त्या अवस्थेला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा मांडल्या: आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, मंदावलेली चाल, कमी झालेला वावर आणि हाताची सैल पडलेली पकड. पाचांपैकी तीन असल्या की फ्रेल. या पाचांत रक्ताची तपासणी एकही नाही. सीआरपी, इंटरल्युकिन-६ (दाहाचीच आणखी एक खूण), अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन यांचा फ्रेल्टीशी संबंध आहे, संशोधन चालू आहे, पण एकट्या रक्तावरून फ्रेल्टी ठरवता येत नाही. पकडीचं मात्र माप आहे, मुठीत यंत्र दाबून ते किलोत मोजतात. आशियाई स्त्रियांत १८ किलोच्या खाली पकड गेली तर २०१९ च्या निकषांप्रमाणे ती कमी धरतात.

आणि दर दुसऱ्या कुटुंबाला मी आवर्जून सांगते ती गोष्ट १९९४ ची. बॉस्टनमध्ये मारिया फियाटरोन यांनी शुश्रूषागृहातल्या शंभर जणांना, सरासरी वय ८७, निवडलं. त्यातल्या काहींकडून दहा आठवडे वजनं लावून पायांचे व्यायाम करून घेतले. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. नुसतं पोषक पेय दिलेल्यांना ताकदीचा असा फायदा झाला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी! 'आता या वयात काय' हे वाक्य मी माझ्या खोलीत चालू देत नाही, ते यामुळे.

तर अशी फाईल तुमच्याही हातात असेल तर तपासण्या किती दिवसांनी करायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि अल्ब्युमिन उतरलं तर 'काय खायला घालू' याच्या आधी 'दाह कुठे आहे' हे विचारा. भेटायला जाल तेव्हा खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघा. कवळी सैल झालीय का बघा, ताट कुणी समोर ठेवून निघून जातं की भरवतं, तेही बघा. किडनीचा त्रास नसेल तर या वयात दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. आणि तुम्ही नेलेली प्रत्येक वस्तू एकदा त्यांच्या हाताने उघडून घ्या. घरी ठेवलं असतं तर हे आकडे उतरले नसते, असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर तुम्हाला लिहून देणार नाही. घरातही तोच डबा असता.

पुढच्या रविवारी ताईंनी आईला विचारलं. आई म्हणाली, "झाकण निघत नाही गं. मावशींना दहा जणींचं बघायचं असतं, त्यांना किती हाका मारायच्या? आणि तुला सांगितलं असतं तर तू ते मनाला लावून घेतलं असतंस."

आता स्टीलचा डबा जातो, सैल झाकणाचा. फिजिओथेरपिस्टने पकडीसाठी मऊ चेंडू दिला होता, तो आईने उशीखाली ढकलला, "मी काय तान्हं बाळ आहे?" तीन महिन्यांनी ताई आल्या तेव्हा फाईल होतीच. अल्ब्युमिन ३.३. ते त्यांनी निघताना, दारात सांगितलं. आधीची वीस मिनिटं दुसराच विषय होता: आईने फर्मान काढलंय की यापुढे लाडू करून आणायचे नाहीत, भाजलेलं बेसन तेवढं आणायचं, वळायचं काम ती करणार. पहिल्या रविवारी तिने तीन वळले. तिन्ही फुटले. तूप कमी घातलंस, म्हणाली.