कुलगुरूपदाच्या आधी टेन्यूर

पुण्यात मेकॅनिकलचे असोसिएट प्रोफेसर आहात, वय ४१, आणि विचारताय की अमेरिकेत येऊन पुढेमागे विद्यापीठाचं अध्यक्षपद मिळेल का. मिळू शकतं, पण आधी नावांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे राज्यपाल कुलपती असतात आणि कारभार कुलगुरू बघतात. इथे अमेरिकेत बफेलो विद्यापीठात त्या कारभाऱ्याला प्रेसिडेंट (अध्यक्ष) म्हणतात, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत चॅन्सेलर.

सॅन डिएगोचे प्रदीप खोसला मूळ मुंबईचे. १९८० ला खरगपूर आयआयटीतून बीटेक, १९८६ ला कार्नेगी मेलनची पीएचडी, मग तिथेच प्राध्यापकी, २००४ पासून अभियांत्रिकीचे डीन आणि २०१२ मध्ये चॅन्सेलर. पीएचडीनंतर २६ वर्षं लागली. बफेलोचे सतीश त्रिपाठी विभागप्रमुख, डीन, प्रोव्होस्ट (अध्यक्षांखालचा शैक्षणिक प्रमुख) अशा सगळ्या पायऱ्या चढून २०११ मध्ये अध्यक्ष झाले. तुम्हाला उशीर झालाय, पण दार बंद नाही. टेन्यूर, म्हणजे सहजासहजी काढता न येणारी कायमची नेमणूक, असलेल्या प्राध्यापकाला इथे १९९४ पासून सक्तीची निवृत्ती नाही.

खरी मेख पहिल्या नेमणुकीत असते. पत्रात ‘टेन्यूर ट्रॅक’ (टेन्यूरकडे नेणारी जागा) हे शब्द हवेतच. व्हिजिटिंग किंवा टीचिंग प्रोफेसरची वाट सहसा तिकडे जात नाही. आणि असोसिएट पदाचा हट्ट धरू नका, मानाला थोडं लागलं तरी. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचं ‘करिअर’ हे संशोधन अनुदान (५ वर्षं, अभियांत्रिकीत किमान ५ लाख डॉलर) फक्त टेन्यूर नसलेल्या असिस्टंट प्रोफेसरला मिळतं आणि अर्ज तीनदाच करता येतो. पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळ्याचा अनुदानातून काढायचा. प्रयोगशाळेचा निधी, विद्यार्थ्यांची फी आणि स्टायपेंड हे सगळं सहीआधी लेखी घ्या. एकदा सही झाली की घासाघीस संपली.

ग्रीन कार्डात एक चूक फार होते. प्राध्यापकांसाठीच्या खास लेबर सर्टिफिकेशनचा (ग्रीन कार्डाआधी लागणाऱ्या श्रम खात्याच्या मंजुरीचा) अर्ज निवड झाल्यापासून १८ महिन्यांत जावा लागतो. बरेच जण रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात, मुदत हुकते आणि जाहिरात पुन्हा द्यावी लागते. शिवाय ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्ड वर्गात भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. तीन वर्षांचा अनुभव आणि कायम स्वरूपाची नेमणूक असेल तर ईबी-१ या त्यावरच्या वर्गातला ‘आउटस्टँडिंग प्रोफेसर’ अर्जही तपासून घ्या.

टेन्यूरचा निर्णय बहुतेक ठिकाणी सहाव्या वर्षी होतो. तोवर समित्यांची कामं गोड बोलून टाळा. त्यांनी टेन्यूर मिळत नाही. विभागप्रमुखपद फुल प्रोफेसर झाल्यावरच घ्या, कारण बजेट, भरती आणि भांडणं हाताळायची सवय तिथेच लागते. डीन झालात की निम्मा वेळ देणगीदारांकडे जातो. ते जमत नसेल तर तिथेच थांबलेलं बरं.

शेवटची गाठ करारात. अध्यक्ष नियामक मंडळाच्या मर्जीवर असतो, कधीही हटवता येतो. म्हणून बाहेरून अध्यक्ष म्हणून जाताना त्या विद्यापीठाच्या विभागात टेन्यूरसह फुल प्रोफेसरची जागा मागून घेतात. त्या जागेचा ठराव विभागातून मंजूर होऊन आल्याशिवाय सही करायची नसते.